बोर्डाशेजारचं उलथनं

उलथनं स्वयंपाकघरात असतं, हे कुणीही सांगेल. खांबकाकांच्या घरात मात्र ते बाहेरच्या खोलीत, दाराशेजारी, दिव्याच्या बोर्डाखाली एका खिळ्याला टांगलेलं असायचं. आल्यागेल्याला वाटायचं, बिचाऱ्यांना जागेची अडचण असेल. अडचण होती, पण जागेची नव्हती, उंचीची होती.

खांबकाका म्हणजे हाडाचे वायरमन. उंची सव्वासहा फूट, म्हणून सोबतचे लोक त्यांना खांब म्हणायला लागले, आणि केस पिकल्यावर त्या खांबाला काका चिकटलं. या घराचं वायरिंग त्यांनी स्वतः केलं होतं, तेही लग्नाआधी, एकटे असताना. काम करताना मान वाकवायला लागू नये म्हणून गड्याने सगळे बोर्ड थेट आपल्या डोक्याच्या उंचीवर ठोकले. माणूस एकटा राहिला की त्याला सगळं जग आपल्याच मापाचं वाटायला लागतं. मग लग्न झालं आणि काकू आल्या, जेमतेम पावणेपाच फूट. पहिल्या संध्याकाळी त्यांनी दिवा लावायला हात वर केला, तर तो बटणाच्या खाली चार बोटांवर थांबला.

हे जरा खाली घ्या, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. काका म्हणाले, पुढच्या आठवड्यात घेतो. तो आठवडा अडतीस वर्षं चालला. या काळात काकांनी शेकडो घरांत बोर्ड बसवले, गिऱ्हाइकाने बोट दाखवलं तिथे, इंचाचा फरक न करता. स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. काकूंनी आठ दिवस वाट पाहिली आणि नवव्या दिवशी उलथनं आणून टांगलं. डावा तळवा भिंतीला टेकवायचा, टाचा उचलायच्या आणि उजव्या हातातल्या उलथन्याच्या दांडीने बटण दाबायचं, अशी त्यांची रीत बसली. भिंतीवर त्या तळव्याचा एक मळकट डाग उमटला होता. घराला तीनदा रंग दिला, पण वर्षभरात तो डाग त्याच जागी पुन्हा हजर व्हायचा.

तीन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी उलथनं धुवायला टाकलेलं होतं. काकू स्टुलावर चढल्या, स्टूल कलंडलं आणि उजवा खांदा मोडला. लेक येऊन त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. काका दर रविवारी भेटायला जायचे आणि तिथल्या खोलीत अंग चोरून बसायचे. जावई चांगला होता, कुणी एका शब्दाने काही बोललं नव्हतं. पण हा खांदा आपण मोडला, हे काकांना पक्कं ठाऊक होतं आणि ते त्यांना आतून खात होतं.

आता खांदा बराच सुधारला होता. उजवा हात अजून छातीच्या वर जात नव्हता, पण काकूंना घरी यायचं होतं. लेकीने एक डबा पाठवला. त्यात होतं स्मार्ट बटण. गुळगुळीत काळी काच, बोट लावलं तरी चालतं, मोबाइलवरून चालतं आणि नुसतं तोंडाने सांगितलं तरी चालतं. बसवायला माणूस पाठवते म्हणाली, तेव्हा काकांनी साफ नकार दिला. आपल्या घरच्या बोर्डाला परका हात लागणार नाही, या बाबतीत ते नाकावर माशी बसू देत नसत. लेकीनेही मग फोनवर आपली अट सांगितली.

"शनिवारी संध्याकाळी आईला आणते, बाबा. दिवा तिचा तिला लावता आला तर ती राहील. नाही तर त्याच गाडीने परत नेते."

मागून काकूंचा आवाज आला, की मी भिंतीशी बोलणार नाही, लोक मला वेड्यात काढतील.

तो बुधवार होता. काकांनी डबा उघडला, चष्मा पुसला आणि बारीक अक्षरातला कागद दोनदा वाचला. हे बटण तीन वायरी मागत होतं. त्यांनी मेन स्विच बंद केला, जुना बोर्ड छिन्नीने उचकटला, तर आत दोनच. वीज परत नेणारी न्यूट्रल वायर नव्हतीच. त्या काळी दिव्याच्या बटणापाशी न्यूट्रल आणतो कोण? बरं, ज्या होत्या त्या दोन्ही पिवळ्या, कारण कुठल्याशा कामावरून उरलेलं पिवळं भेंडोळं त्यांनी घराला वापरलं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी असं काम दिसतं, तर काकांनी त्या वायरमनला उभाआडवा झाडला असता.

घोडं तिथेच अडलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. खरी गोम वेगळी होती. काकांचा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. हातोडा धरायला, शिडी चढायला हरकत नव्हती, पण स्क्रूच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर बसेना आणि वायरीचं टोक भोकात जाईना. लेकीला हे माहीत नव्हतं. काकूंना माहीत होतं, पण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. काका तासभर त्या उघड्या बोर्डापुढे उभे राहिले आणि शेवटी शेजारच्या टेलरमास्तरांकडे गेले. ज्याच्या नुसत्या येण्याने चाळीस वर्षं अंधारातली माणसं हसायला लागायची, त्याने शेजाऱ्याला जाऊन म्हणायचं, की बाबा रे, तुझे हात दे. काकांना ते फार जड गेलं.

टेलरमास्तर म्हणजे बुटका, गोल आणि बोलघेवडा माणूस. सुईत दोरा ओवायला त्याला अजून चष्मा लागत नसे. पण विजेचं नाव काढलं की तोंडचं पाणी पळायचं. इस्त्री लावतानासुद्धा पायात रबरी चपला घालायचा. काकांचं म्हणणं ऐकून तो आधी हसला, मग काकांचा चेहरा बघून हसायचा थांबला, आणि एका अटीवर तयार झाला. मेन स्विच बंद तर करायचाच, वर मेनचा फ्यूज काढून त्याच्या खिशात द्यायचा. काका म्हणाले, मेन बंद असताना फ्यूज काढून काय होणार? मास्तर म्हणाला, मला झोप लागणार. मग फ्यूज त्याच्या शर्टाच्या खिशात गेला आणि वरून खिशाचं बटण लागलं.

न्यूट्रल वरून, छताजवळच्या डबीतून आणायची होती. जुनी वायर आत अशी आखडली होती, की पाइप फोडल्याशिवाय काही हलेना. भिंत फोडायची हे ठरलं, तेव्हा मास्तर बोर्डाकडे मान वर करून बघत राहिला.

"हे इतकं वर का ठेवलंय?" त्याने विचारलं.

काकांनी सांगितलं, की माझ्या डोक्याच्या उंचीवर ठेवलं.

"अहो, मी माझ्या मापाचे सदरे शिवून गिऱ्हाइकांना दिले असते तर? निम्म्या वस्तीची पोटं उघडी पडली असती. ज्याने वापरायचं त्याचं माप घ्यावं, इतकं साधं आहे."

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. एरवी त्यांनी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी त्यांची नजर भिंतीवरून खाली खाली उतरत त्या मळकट डागावर येऊन थांबली. पाच बोटांचा, थोडा डावीकडे कललेला. अडतीस वर्षं बाई रोज सांगत होती, की माझा हात इथे पुरतो. काकांनी ते पुसायला दरवेळी रंगाचा डबा आणला होता.

मास्तरने गळ्यातली टेप काढली आणि डागाच्या मध्याला लावली. जमिनीपासून पावणेचार फूट.

गुरुवारी काकांनी छिन्नी-हातोडा घेतला. छिन्नीला थरथर चालते. त्यांनी भिंतीत सव्वादोन फुटांची खाच अशी काढली, की मास्तरला आपल्या कात्रीची लाज वाटावी. शुक्रवारी पाइप बसवला, जुनी खोबणी बुजवली, नव्या वायरी ओढल्या. लाल, काळी आणि दिव्याकडे जाणारी पिवळी. या घराला पहिल्यांदा खरे रंग मिळाले. शनिवारी सकाळी मास्तर रबरी चपला घालून भिंतीपुढे बसला आणि काका शेजारी बसून सांगू लागले. वायर सोल, पण तांब्याला चरा पडू देऊ नकोस. टोक पिळून घे. आता आत घाल, आणि स्क्रू आवळल्यावर एकदा ओढून बघ. मास्तरने तीन टोकं तीन भोकांत अशी ओवली, की काकांच्या तोंडून चाळीस वर्षांत कुणासाठी न निघालेला शब्द निघाला. ते म्हणाले, छान.

फ्यूज लावला, मेन चालू केला, आणि काच निळी लुकलुकायला लागली. आता तिला घरच्या वायफायशी जोडायचं होतं. कागद म्हणत होता, बोट पाच सेकंद दाबून धरा. काकांचं थरथरतं बोट पाच सेकंदांत सात वेळा उठलं, आणि तितक्या वेळा दिवा लागला नि विझला. मास्तरने धरलं तर जमलं. मग मोबाइलने पासवर्ड मागितला, तो लेकीने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेला सापडला. मग मोबाइल म्हणाला, आता बोला. काकांनी साइटवर मारायचे तशी हाक मारली, "दिवा लाव!" दिवा लागला. मास्तर दचकून दोन पावलं मागे गेला आणि मग दोघेही म्हातारे पोट धरून हसले. दुपारभर त्यांनी त्या दिव्याला इतकं राबवलं, की तो बिचारा माणूस असता तर नोकरी सोडून गेला असता.

साडेपाचला फक्त काचेच्या कडेची पट्टी बसवायची राहिली होती. पट्टीला कसला शॉक, असं काका म्हणत असताना मास्तरने मेन बंद करून फ्यूज पुन्हा खिशात टाकला होता. पट्टी बसली. तेवढ्यात दुकानापुढे गिऱ्हाईक ओरडायला लागलं आणि मास्तर आलोच म्हणून गेला. काकांनी भिंतीखालचा चुरा झाडला, हात धुतले, शर्ट बदलला. बाहेर अंधारायला लागलं होतं. मेन चालू करायला ते गेले, तेव्हा फ्यूजच्या जागी रिकामी खाच दिसली.

त्यांनी मास्तरला फोन लावला. मास्तरचा फोन काकांच्याच टेबलावर वाजायला लागला. त्याच वेळी दाराशी गाडी थांबली.

काकांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तीन दिवस जीव टांगणीला लावून केलेलं काम आणि आता घर काळंकुट्ट. लेक पिशवी घेऊन आली, तिच्यामागे काकू. दारात अंधार बघून लेक थांबली आणि नुसतं "बाबा" म्हणाली. त्या एका शब्दात परत जाणारी गाडी होती. काका फ्यूजचं काही तरी सांगायला लागले.

काकू लेकीला ओलांडून पुढे झाल्या. सवयीने आत आल्या, सवयीने डावा तळवा भिंतीला टेकवला, आणि तशाच थांबल्या. तळव्याखाली भिंत नव्हती, थंड काच होती. त्यांनी बोटं फिरवून चारी कडा चाचपल्या. दिवा लागला नाही. पण त्यांनी हातही काढला नाही.

"हे खाली कधी आलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आज सकाळी," काका म्हणाले. "उशीर झाला गं."

एवढ्यात चपला फटफटवत मास्तर धावत आला, फ्यूज हातात, कपाळावर घाम. काकांनी तो घेतला, पण आता त्यांचा हात असा थरथरत होता, की फ्यूज खाचेवर नुसता खडखडत राहिला. लेक त्या हाताकडे बघत राहिली, आणि तिला इतके दिवस कुणी न सांगितलेलं कळलं. मग मास्तरने, ज्याने बुधवारपर्यंत आयुष्यात बल्बही बदलला नव्हता, डोळे गच्च मिटले आणि फ्यूज स्वतः दाबून बसवला. काकांनी मेन वर केला.

"आता लाव," ते म्हणाले.

काकूंनी तळवा दाबला. खोली उजळली. काकूंनी विझवला, परत लावला, परत विझवला, परत लावला, शाळकरी पोरीसारखं, आणि हसताहसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीने बाहेर जाऊन गाडीवाल्याला जायला सांगितलं. परत येताना तिने बापाचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

मग काकांना राहवेना. त्यांनी तोंडी हुकमाची करामत दाखवली. दिवा विझला, दिवा लागला. काकू कमरेवर डावा हात ठेवून बघत होत्या.

"अडतीस वर्षं मी सांगत होते, तर घरातला माणूस हलला नाही," त्या म्हणाल्या. "हे डबडं एका हाकेत ऐकतं." मास्तर हसताहसता स्टुलावर बसला. काकूंनी पुढे विचारलं, "आणि बाकीच्या तीन खोल्यांचं काय?"

काकांच्या तोंडात 'पुढच्या आठवड्यात' आलं होतं. ते त्यांनी गिळलं, मास्तरकडे बघितलं आणि म्हणाले, उद्या सकाळी आठला. मास्तर मुकाट्याने उठला आणि फ्यूजच्या डबीकडे निघाला. लेकीने त्याला अडवलं, की निदान आजची रात्र तरी राहू दे.

काकूंनी खिळ्यावरचं उलथनं काढलं. त्याची दांडी टोकाला झिजून गुळगुळीत झाली होती. त्या ते घेऊन आत गेल्या, नळाखाली धुतलं आणि स्वयंपाकघरात, डावांच्या शेजारी, त्याच्या जागेवर ठेवलं.