डावी बाजू सैल

कापड

परत आलेला गठ्ठा मालकीणबाईंनी टेबलावर आपटला. दवाखान्यातल्या परिचारिकांचे कोट.

"सगळ्यांची डावी बाजू सैल. मास्तर, कापताना डोळे कुठे होते?"

"कागदाबरहुकूम कापलंय, बाई. कागद धाकटीच्या मापाचा."

धाकटी ही शिवणकारखान्यातली सगळ्यांत लहान कारागीर, वय वर्षं वीस. मधल्या मापाचा नमुना नेहमी तिच्याच अंगावर बेतायचे. या खेपेला तिने कुणाला टेप लावू दिला नव्हता. माप स्वतः घेतलं होतं, आणि डावीकडे बोटभर जागा मुद्दाम सोडली होती. आता तिची मान वर होईना.

अस्तर

अंघोळ करताना छातीत डावीकडे गाठ हाताला लागली होती. कोटाच्या बटणाएवढी, बोटाखालून निसटणारी. दुखत नव्हती. आईला सांगितलं, तर आईने आधी खिडकी लावली.

"कुणाजवळ बोलू नकोस. लग्नाची पोर तू. लोक काय म्हणतील?"

तेव्हापासून धाकटीला वाटायचं, कपड्यातूनही ती गाठ सगळ्यांना दिसते.

उसवण

धाकटीची खाली गेलेली मान बघून मालकीणबाईंनी तिला पडद्याआड नेलं. दोनदा विचारल्यावर तिने रडत गाठीचं आणि आईने लावलेल्या खिडकीचं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, त्यांनी आईला बोलावून घेतलं.

"बाई, गाजावाजा नको," आई कुजबुजली.

"हिची दाढ दुखली असती, तर खिडकी लावली असतीत?"

"दाढेची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? तेही अंग, हेही अंग. लाज वाटते म्हणून पोरीला एकटीला भीतीत कोंडायचं?"

आईने पदर सावरला आणि लेकीला घेऊन दवाखान्याची वाट धरली.

शिवण

डॉक्टरीणबाईंनी हाताने तपासलं, सोनोग्राफी केली, सुईने छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. गाठ साधी निघाली.

"तरुण मुलींना अशा गाठी पुष्कळदा होतात. बहुतेक साध्याच असतात, कर्करोगाच्या नसतात. पण ते घरी चाचपून ठरत नाही, तपासूनच कळतं. ही काढायची गरज नाही. सांगितलेल्या वेळी पुन्हा दाखवा, वाढली तर लगेच या."

"माझं काही चुकलं म्हणून झाली का हो?" आईने जमिनीकडे बघत विचारलं.

"गाठ तुमच्यामुळे झाली नाही. उशीर तुमच्यामुळे झाला."

ते वाक्य आईला घरापर्यंत टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी कोट उसवायला आईही येऊन बसली. कुणीतरी विचारलं, "धाकटीला काय झालं होतं?"

आईने कात्री खाली ठेवली. "छातीत गाठ होती. दाखवली. साधी निघाली." सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

मशीनं थांबली, मग एकेक सुरू झाली. कोपऱ्यातलं एक तेवढं बंदच राहिलं. त्यावरची बाई उठून आईजवळ आली आणि हळूच म्हणाली, "दवाखाना कुठला म्हणालात?"

वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी खिडकी लावलेली असेल. गाठ साधी आहे की नाही, हे लाजेला कळत नाही. ते डॉक्टरांना विचारायचं. आणि लेक सांगायला आली, तर खिडकी उघडीच ठेवायची.