मास्तरांच्या हातातलं तांबं

शनिवारी दुपारी सगळं कोर्पिवारा गाव आगीच्या बंबाच्या शेडमध्ये लोटलं होतं. खाणीसाठी केलेल्या ड्रिलिंगमधून निघालेल्या दगडी कांड्या लाकडी पेट्यांत ओळीनं मांडल्या होत्या, पण लोकांचे डोळे माझ्या हातावर होते. मी हात लावीन तिथं तांबं निघत होतं.

मी गावचा निवृत्त विज्ञान शिक्षक. काठी फिरवून पाणी शोधणाऱ्या एका बुवाला मी याच शेडमध्ये उघडं पाडलं होतं, आणि ते अजून कुणाला विसरू दिलेलं नाही.

खाण कंपनीची भूगर्भतज्ज्ञ वेन्ला हातातला धातू ओळखणारा स्कॅनर दगडाला टेकवून तांब्याचे आकडे सांगत होती. बहुतेक कांड्यांत काहीच नव्हतं. मला राहवेना. एक कांडी उचलून तळव्यानं चोळली नि म्हणालो, "हिला लाव बघू." तांबं. दुसरी चोळली. पुन्हा तांबं.

"मास्तर, हाताला गुण आहे तुमच्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"गुण कसला? अभ्यास आहे," मी म्हणालो, आणि मग माझी जीभ सुटली. दगडातल्या शिरा, पृथ्वीच्या पोटातली उष्णता, काही म्हणून सोडलं नाही. तो बुवाही एवढं बोलला नव्हता.

वेन्ला दोनदा म्हणाली, "हा नुसता पहिला अंदाज असतो. खरं काय ते प्रयोगशाळा सांगेल." पण मास्तर बोलत असताना तिचं कोण ऐकतो?

शेजारची आयली पुढं आली. खाण झाली तर तिचं कुरण जाणार होतं. "मग गाई आत्ताच विकते, मास्तर. व्यापाऱ्याला आजच फोन करते," ती म्हणाली.

"वीक," मी म्हणालो. "विज्ञानावर विश्वास ठेव."

वेन्लानं हातोडा उचलला. "सर, थांबा जरा. तुम्ही चोळता तिथंच कसं निघतं?" मी चोळलेली कांडी तिनं फोडली आणि स्कॅनर आतल्या ताज्या दगडाला टेकवला. काही नाही. मग खिशातून काचेची पांढरी चकती काढली. "यंत्र तपासायला ठेवतो ही. हिच्यात तांबं नसतंच." तिनं ते मोजून दाखवलं. "आता चोळा."

मी चोळली. तांबं.

आयलीनं माझा हात धरून नाकाशी नेला. "हे माझ्या ट्रॅक्टरच्या डब्यातलं ग्रीस. सौनाच्या शेगडीचे बोल्ट गंजू नयेत म्हणून सकाळी तुम्हीच मागून नेलंत."

"त्यात तांब्याची पूड असते," वेन्ला हळूच म्हणाली.

"हात नाही धुतलेत?" आयलीनं विचारलं.

"रद्दीला पुसले की," मी म्हणालो. "शनिवार आहे. संध्याकाळी सौनाच्या वाफेत आंघोळ होणारच."

हे कारण साऱ्या गावाला पटलं, कारण शनिवारी सौनाआधी आमच्याकडे कुणीच हातपाय धूत नाही. तरी सगळे पोट धरून हसले. काठीवाल्या बुवाचा भाचा जरा जास्तच हसला.

आयली हसली नाही. "मी फोन केला असता, मास्तर," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून गोठा रिकामा केला असता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंडळी, चमत्कार दाखवणारा बुवा असो, यंत्र असो की गावचा शहाणा मास्तर, गाई विकण्याआधी दगड फोडून बघा. आणि मास्तर असेल, तर आधी त्याला हात धुवायला लावा.