अल्बानोसाठी तीन हाका

या, जवळ सरका. खुर्ची ओढून घ्या, मला आता मोठ्याने बोलवत नाही. एका बाईची गोष्ट सांगते. आमच्या उर्झेडू गावची देओलिंदामावशी. गोष्टीत मीही आहे, एर्मेलिंदा म्हणून. माझी कीव करू नका, एवढंच.

आमच्या चर्चच्या मंडळाची सहल दर मे महिन्यात निघते. बसमध्ये अकॉर्डियन, टोपल्यांत खारवलेल्या माशाचे वडे, मांस भरलेले पाव, वाइनचा बुधला आणि माइकवर मंडळाच्या अध्यक्षा दोना ग्रासिएत. त्या वर्षी पोर्तू शहर ठरलं. देओलिंदामावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण सहलीला कधी आली नव्हती. “गाय कुणावर सोडू?” म्हणायची. त्या हिवाळ्यात गाय मेली.

“मावशी, गायीचा दुखवटा संपला वाटतं!” झुल्मीरा मागून ओरडली. सगळी बस हसली.

मावशीही हसली. “संपला गं. आता भावाचं काम करून येते.”

भाऊ म्हणजे अल्बानो. वाइनची पिंपं घेऊन दोउरू नदीतून खाली जाणाऱ्या होड्यांवर तो कामाला होता. एकोणिसाव्या वर्षी त्याची होडी खडकांत उलटली. पिंपं सापडली, तो सापडला नाही. नदी जे उचलते ते पोर्तूलाच, समुद्राच्या तोंडाशी, नेऊन टाकते, असं आमच्याकडे म्हणतात. आईने मरताना मावशीचा हात धरून सांगितलं होतं, “पाणी संपतं तिथे जाऊन त्याला हाक दे.”

ही हाक साधी नव्हे. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस आम्ही बायका गावाबाहेरच्या खडकावर उभ्या राहून मेलेल्यांसाठी गातो. एकीने गाऊन मागायचं, की अमक्याच्या आत्म्यासाठी एक ‘हे आमच्या बापा’ द्या. बाकीच्यांनी ती प्रार्थना गाऊन उत्तर द्यायचं. हाका तीन. एका हाकेला जरी उत्तर मिळालं तरी आत्मा पुढे सरकतो, आणि तिन्ही हाका कोरड्या गेल्या तर स्वर्गाच्या दारातच उभा राहतो. हाक देणारीने स्वतः उत्तर दिलेलं चालत नाही.

चाळीस वर्षं ही हाक मावशीची होती. मला गायलेली प्रवचनं फार आवडतात, त्यांच्यासाठी मी दोन डोंगर चालत गेले आहे. पण मावशीने गाताना नाव घेतलं की वाटायचं, तो मेलेला माणूस टोपी काढून समोर येऊन उभा राहिला.

बसमध्ये तिने मागे वळून विचारलं, “उत्तर द्याल ना गं पोरींनो?”

आम्ही सोळाजणी होतो. “देऊ, देऊ!” म्हणालो. तोंडात वडे होते.

पोर्तूला धक्क्यावर, लोखंडी पुलाजवळ, भिंतीत काशाचा एक कोरीव पत्रा बसवलेला आहे. पूर्वी कधी होड्यांचा पूल मोडून तिथे शेकडो माणसं बुडाली, त्यांच्यासाठी लोक अजून मेणबत्त्या लावतात. मावशीने एक मेणबत्ती लावली. गुडघे दुखतात म्हणून काळी शाल दगडावर पसरली आणि तिच्या कडेला गुडघे टेकून ती गाऊ लागली.

आवाज बारीक झाला होता, पण सरळ जात होता. शेजारच्या खाणावळीत टेबलांवरचे काटेचमचे थांबले. एका परदेशी माणसाने फोन वर धरला. त्याच्या बायकोने जाता जाता शालीवर नाणं टाकलं. मग दुसऱ्या कुणी दुसरं.

दोना ग्रासिएतचा चेहरा उतरला. “अगं बाई! भीक मागतेय म्हणतील. म्हातारीने गावाची अब्रू घालवली.” आमच्याकडे वळून म्हणाली, “कुणी तोंड उघडलंत तर याद राखा. तीनची सहलीची होडी आहे आपली. हिला ओळखसुद्धा दाखवायची नाही.”

पहिली हाक संपली. मावशी मान जरा कलती करून थांबली, खडकावर थांबायची तशीच. उत्तर आलं नाही.

“गाय गेली, आता ही हंबरतेय,” झुल्मीरा कुजबुजली. दोघी-तिघींना हसू आवरेना.

दुसऱ्या हाकेनंतर मावशीने वळून बघितलं. आम्ही सोळाच्या सोळा पाठमोऱ्या झालो आणि दुकानात मांडलेले मातीचे रंगीत कोंबडे बघत बसलो. आमच्याकडे तो कोंबडा प्रत्येक दुकानात असतो.

खाणावळीचा वाढपी बाहेर आला. बिचारा काळजीने विचारत होता. “बाई, या आजी तुमच्यापैकी का हो? पाणी देऊ का त्यांना?”

त्याने मलाच विचारलं.

“नाही,” मी म्हणाले, “आम्ही ओळखत नाही.”

दर पवित्र सप्ताहात, कोंबडा आरवायच्या आत पेत्राने प्रभूला तीनदा नाकारल्याचं प्रवचन गातात तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मी रडते. समोर पन्नासेक कोंबडे होते. एकही आरवला नाही. मावशीने तिसरी हाक दिली, “अल्बानोसाठी, माझ्या भावासाठी,” आणि तिच्या आवाजावर होडीचा भोंगा वाजला. आम्ही धावत सुटलो.

परतीच्या वाटेवर बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. नाणी मेणबत्तीपाशीच ठेवून आली होती.  मग म्हणाली, “एर्मेलिंदा, माझा आवाज पोचला नाही का गं तुमच्यापर्यंत? गर्दी किती होती.”

“नाही पोचला, मावशी.”

“वाटलंच मला. गेला आवाज.” तिने माझ्या हातावर थोपटलं. “तुम्हाला कशाला दोष देऊ? उगीच मनात काहीबाही आलं होतं.”

पुढच्या उपवासकाळात ती खडकावर आली ती उत्तर देणाऱ्यांत, सगळ्यांत मागे. नुसते ओठ हलवायची. हाक दोना ग्रासिएतने दिली, बेसूर. द्राक्षं तोडायच्या दिवसांत मावशी गेली.

दफनाच्या वेळी दोना ग्रासिएत डोळ्यांना रुमाल लावून बोलली, “पोर्तूला नदीकाठी ती गायली तेव्हा आम्ही सगळ्या तिच्या पाठीशी उभ्या होतो!” नवे फादर माझ्याकडे वळले. “खरंच? किती सुंदर.”

“हो फादर,” मी म्हणाले.

फादर आता दर वर्षी प्रवचनात ती गोष्ट गाऊन सांगतात. लोक डोळे पुसतात. मी पहिल्या बाकावर असते.

एकटीने स्वयंपाकघरात मी उत्तर देऊन पाहिलं. पण ऐकलेल्या हाकेला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं असतं. नंतरचं पोचत नाही, असं जुन्या बायका सांगायच्या. म्हणून आता हाक मीच देते. गाता येत नाही, नुसती बोलून देते. अल्बानोसाठी, जो सापडला नाही. देओलिंदासाठी, जिचा आवाज शेवटपर्यंत चांगला होता.

हाक देणारीने उत्तर द्यायचं नसतं. तुम्ही ऐकलंत. एक ‘हे आमच्या बापा’ म्हणा. आत्ता, उठायच्या आधी.