मोठं इंजिन

"अहो, गाडीचं नाक बघा! जमिनीला टेकतंय की काय!" दारात खुर्ची टाकून बसलेली बायको म्हणाली आणि मिस्त्रीला हसू आवरेना.

जुन्या गाडीत त्याने कालच मोठं इंजिन बसवलं होतं. आधीचं घाटात धापा टाकायचं, अर्ध्या चढावर बोनेट उघडून बसावं लागायचं. लेक घाटापलीकडे दिलेली. बायकोच्या मणक्यात दुखणं शिरलं, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिने एकच हट्ट धरला. लेकीचं घर एकदा बघायचं, आणि जायचं ते आपल्याच गाडीतून.

पण जड इंजिनाखाली पुढच्या स्प्रिंगा पार दबल्या. वळणावर गाडी कलंडेल की काय असं वाटे. मिस्त्रीने कडक स्प्रिंगा घातल्या, शॉक ॲब्सॉर्बर बदलले, ब्रेकही मोठे बसवले. एकटाच चक्कर मारून आला, तो खुशीत. गाडी रस्त्याला चिकटून धावत होती.

मग बायकोला शेजारी बसवलं, पाठीशी उशी दिली. गल्लीच्या तोंडाशीच खड्डा लागला.

"कशी वाटतेय?"

"झकास. चला तुम्ही."

पुढच्या खड्ड्याला त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. तिने डोळे घट्ट मिटले होते. दाराची मूठ धरलेली बोटं पांढरीफटक पडली होती. मऊ स्प्रिंगांवर हे धूड घाटात नेणं म्हणजे दरीशी खेळ, आणि कडक स्प्रिंगा तिच्या पाठीला सोसवत नव्हत्या. त्याने गाडी वळवली.

"का हो?"

"क्लच घसरतोय जरा. उद्या बघू."

"तुम्हाला मेलं धड खोटंही बोलता येत नाही," ती म्हणाली आणि घरापर्यंत त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

तो उद्या काही उजाडला नाही. ती अंथरुणाला खिळली आणि लेकच बसने आली.

एका दुपारी ती लेकीला म्हणाली, "बाबांना म्हणावं, गाडी चालू करा. ऐकते जरा."

गाडी खिडकीसमोरच उभी होती. मिस्त्रीने आत बसून किल्ली फिरवली. भरदार आवाज खोलीत शिरला. चढावर दाबतात तसा त्याने ॲक्सिलरेटर हळूहळू दाबला, वळण आल्यासारखा सोडला, पुन्हा दाबला.

"घाट लागला गं," आई पुटपुटली.

बऱ्याच वेळाने लेक खिडकीशी आली. "बाबा, झोप लागली तिला. बंद करा आता."

मिस्त्रीने मान हलवली, पण इंजिन बंद केलं नाही. पलीकडचा उतार अजून बाकी होता.