दुसरीची टोपली

खाडीत एक रीत होती: दुसरीच्या टोपलीत डोकावायचं नाही.

ओहोटी लागली की बायका होड्या वल्हवत खारफुटीत शिरायच्या. डासांसाठी नारळाच्या सोडणांचा धूर करायच्या आणि कोपरापर्यंत हात चिखलात घालून मुळांखालच्या काळ्या शिंपल्या, पियांग्वा, चाचपायच्या. अंगठ्याहून लहान हाताला लागली, तर ती तिथंच परत दाबायची. दाबली की नाही हे कुणी बघत नसे. बघणं म्हणजे त्या बाईच्या तोंडावर थुंकणं. ना पहारा, ना दंड. तरी आजीच्या काळापासून चिखलानं कुणाला रिकाम्या हातानं परत धाडलं नव्हतं. त्या बायकांतल्या नीमियाला या रीतीचा भारी अभिमान. गरिबाला मिरवायला दुसरं असतंच काय?

मग काली शहराच्या विद्यापीठातून एक प्राध्यापक बाई आल्या. माणसं निसर्ग कसा वाटून खातात, याचा त्यांचा अभ्यास. स्वभावानं चांगल्या होत्या हो, वाईट म्हणवत नाही. त्यांनी शाळेत बायकांना बसवून खेळ मांडला. पडद्याआड वाडगाभर घेवड्याचे दाणे. एकेकीनं आत जायचं आणि एकापासून पाचपर्यंत हवे तेवढे उचलायचे. उरतील त्यांत बाई आणखी निम्मे घालणार, पुन्हा फेरी. शेवटी प्रत्येकीला तिच्या दाण्यांचे पेसो.

नीमियानं दर फेरीला पाच उचलले. पैसे विद्यापीठाचे. परक्याच्या टेबलावर ते ठेवून यायला ती काय खुळी होती?

वाडगा संपला तेव्हा बाई म्हणाल्या, “नाव मी सांगणार नाही. पण एकीनं प्रत्येक वेळी पाच घेतले. हा वाडगा म्हणजे तुमची खाडी होती, बरं का.”

 हे आधी सांगितलं असतं तर नीमियानं एकाच्या वर दाणा उचलला नसता. पण आता बोलायची सोय नव्हती. बायका एकमेकींकडे बघत होत्या, आणि चोराच्या मनात चांदणं, तिला वाटलं सगळ्या आपल्याकडेच बघताहेत.

दुसऱ्या दिवशी होडीत तिची कोमाद्रे, म्हणजे लेकीची धर्ममाता, सेफेरीना तणतणत होती. सेफेरीनानं नीमियाच्या लेकीला बाप्तिस्म्याला हातावर धरलेलं. दोघींचं नातं सख्ख्या बहिणींहून घट्ट.

“कोण गं ती अवदसा? आम्ही इथं लहान लहान परत पुरतोय नि ती मेली त्याच घरी नेऊन नारळाच्या रसात शिजवतेय!”

“अगं, दाणेच होते ते,” नीमिया पुटपुटली.

“आज दाणे, उद्या शिंपल्या. हात तोच ना?”

त्या आठवड्यात धक्क्यावर कुणीतरी म्हाताऱ्या पास्तोराच्या टोपलीवरचं पान उचलून पाहिलं. आत सगळ्या मोठ्या निघाल्या. त्यानं काय होणार? पान उचललं गेलं होतं. पास्तोरा रडत घरी गेली. मग ज्या-त्या टोपलीत डोकावणं सुरू झालं, आणि एकीच्या टोपलीत लहान दिसल्या की दुसरी म्हणायची, मीच कशाला मूर्ख ठरू? पाऊस संपेस्तोवर टोपल्यांच्या तळाशी नखाएवढ्या शिंपल्या खुळखुळू लागल्या. नीमिया तेवढी एकटी परत पुरत राहिली.

तिला झोप लागेना. आपण कबूल केलं तर संशय तरी मिटेल. पण मग तिला होडीत घेणार कोण? एकटीनं त्या चिखलात कुणी जात नाही. तिथं पाय रुतला की ओढायला दुसरी लागते. लेकीचं पोट त्याच चिखलावर होतं. तरीही एका सकाळी, होडीत दोघीच असताना, तिनं वल्हं थांबवलं.

“कोमाद्रे, पाच-पाच दाणे घेणारी मी होते. विद्यापीठाचे म्हणून घेतले गं. चिखलातलं लहान मी एकदाही नेलं नाही, लेकीची शप्पथ.”

सेफेरीनानं वल्हं मारणं थांबवलं नाही.

“ठाऊक आहे मला. पडद्याला लागूनच तर बसले होते. दर वेळी तुझ्या मुठीत पाच दाणे पडल्याचा आवाज येत होता.”

“मग... बोलली का नाहीस?”

“बोलले असते, तर संशय मिटला असता, नि मग मलाही लहान शिंपल्या परत पुराव्या लागल्या असत्या.” ती नीमियाकडे न बघता म्हणाली, “आणि तूही आता बोलू नकोस. ऐकायचं नाहीये कुणाला.”

नीमियाला संताप आला, रडूही आलं. दोन्ही गिळून ती चिखलात उतरली. बराच वेळ हाताला काहीच लागेना. मग एका मुळाखाली लागली, करंगळीच्या पेराएवढी. तिनं ती परत दाबली, वर चिखल सारवला आणि पुढं सरकली.

पाठीमागं सेफेरीनाच्या पायांची पचपच झाली. मग टोपलीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं नाही. तशी रीतच नव्हती.

पुढच्या मुळाखाली पुन्हा एक लहान लागली. नीमियानं ती मुठीत धरली आणि सेफेरीना जवळ येण्याआधी आपल्या टोपलीत टाकली.