भारीतलं औषध

लेकीचं अपेंडिक्स पोटातच फुटलं होतं. ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुवाच्या तपासणीचा रिपोर्ट आलाय. या जंतूंना साधं अँटिबायोटिक पुरेल."

औषधांचं दुकान चालवणारे माझे थोरले दीर उसळले. "साधं? पोरगी आमची आहे! सगळ्यात भारीतलं लावा."

"ते पुढे गरज पडली तर हाताशी हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भावोजी, पोट दुखतंय म्हटल्यावर तुम्हीच दुकानातली भारीतली गोळी दिलीत. दुखणं दबलं, आणि आत पोट सडत गेलं. आता एक शब्द बोलू नका!"

"अगं, मोठे आहेत ते," सासूबाई पुटपुटल्या.

लेकीच्या तापाने अजून गरम असलेल्या कपाळावरून हात फिरवत मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "साधंच सुरू करा."