सुटं धान आणि मी

दोर सोडायच्या आधी माझं ऐकून घ्या. पाण्यात गेलो की मला दुसरं काही सुचत नाही. मी वैनगंगेतला डोंगा बोलतोय, आरमोरीच्या खालच्या अंगाचा.

जंगू धिवराने मला सागाच्या फळ्यांतून घडवलं, फटींत डांबर भरलं आणि लेकीच्या, सुगंधाबाईच्या, हवाली केलं. माणसं, सायकली, शेळ्या, धानाची पोती, सगळं आम्ही दोघांनी पार नेलं. पोतं बरं असतं. ठेवलं तिथे बसून राहतं.

एका दिवाळीनंतर मात्र बारदाना, म्हणजे रिकामी पोती, कुठेच मिळेना. लटारूभाऊचं शेत पल्याडच्या काठावर. मळणी झालेली, आभाळ भरून आलेलं. त्याने धान सुटंच माझ्या पोटात ओतलं, उंच ढीग करून. निदान सपाट तरी कर, असं सुगंधाबाई म्हणाली. तो आभाळाकडे पाहत ओततच राहिला. त्याची लेक पुनम पुढच्या टोकाला बसली. मन मानत नसतानाही सुगंधाबाईने दोर सोडला.

मधारात, नदीच्या ऐन मध्यावर, वाऱ्याचा झोत आला. मी थोडा कललो. तसा रोजच कलतो आणि सावरतो. पण या वेळी पोटातला ढीग सळसळत डावीकडे उतरला आणि तिथेच बसला. मी उठू पाहिलं, उठता येईना. दुसरा झोत आला तशी माझी कड पाण्याला टेकली.

लटारूभाऊ ओंजळींनी धान वर ढकलू लागला. ते पुन्हा खाली येई.

"खालच्या अंगाचं फेक, भाऊ," सुगंधाबाई वल्हं दाबून म्हणाली.

"वर्षाचं खानं हाये, बाई."

"पोरगी बसली हाये."

त्याने पुनमकडे पाहिलं. ती वरची कड दोन्ही हातांनी धरून होती. मग त्याने टोपलं उचललं आणि धान नदीत फेकू लागला. टोपल्याटोपल्याने मी वर येत गेलो. काठाला लागलो तेव्हा अर्धं पीक पाण्यात गेलं होतं.

हिवाळाभर तो सुगंधाबाईशी बोलला नाही. तीही त्याच्या दारावरून जाईना.

पुढच्या हंगामात तो खांद्यावर फळ्या घेऊन घाटावर आला. "याच्या पोटात लांबीनं उभ्या ठोकू," एवढंच म्हणाला. तिने हातोडा आणला. त्या दिवशी फळीच्या दोन्ही बाजूंना सारखं धान ओतलं. पुनमने हात फिरवून ते सपाट केलं आणि वर भरलेली पोती दाबून ठेवली. वारा होता. मी कललो आणि सावरलो.

आता माझं डांबर सुटलंय, तळ पाझरतो. गेल्या आठवड्यात कुणीतरी मोटारसायकल चढवायला त्या फळ्या काढल्या. त्या काठावर पडून आहेत. आणि आज पुन्हा सुटं धान येतंय, आभाळही काळं आहे. एवढंच तर पार जायचंय, असं तुम्ही म्हणाल. तेव्हाही एवढंच जायचं होतं. आधी फळ्या बसवा, धानावर हात फिरवा. तोवर मला बांधूनच ठेवा.